फिल्टरचा पोत

माणसाने आयुष्यात काय काय निवडावं याला काही मर्यादा असावी, असं माझं आता ठाम मत झालं आहे. जावई निवडावा, साडी निवडावी, फार तर ग्रामपंचायतीचा सदस्य निवडावा. जुन्या गाडीचा ऑइल फिल्टर निवडायला जाऊ नये. मी गेलो. त्यामुळे भंडारा शहरातल्या गाडीच्या सुट्या भागांच्या एकाही दुकानाची पायरी आज मला चढू देत नाहीत, आणि करडी गावच्या एका मंगल प्रसंगाच्या सगळ्या फोटोंत मी खुर्च्यांखाली वाकलेला दिसतो.

तसं मी काही विशेष केलं नव्हतं. आमच्या जुन्या जीपचं ऑइल बदलायचं म्हणून चंद्रकुमारच्या गॅरेजात गेलो. चंद्रकुमार एका ट्रकखाली आडवा पडला होता. बाहेर यायचे कष्ट न घेता तो तिथूनच बोलला.

"तुलारामभाऊ, ऑइल मी टाकतो, पन फिल्टर तुमीच आना. तुमच्या मॉडेलचा फिल्टर आता लवकर भेटत नाई. आन् भेटला त असली हाय का नकली, थे देवालेच मालूम. उद्या गाडी बंद पडली का तुमी म्हनसान, चंद्रकुमारनं फसवलं."

एरवी मी म्हटलं असतं, टाक रे जो मिळेल तो. पण या वेळी गोष्ट वेगळी होती. माझ्या बायकोच्या, म्हणजे कीर्तीच्या बहिणीची मुलगी गुंजन, तिचं करडीला साक्षगंध ठरलं होतं. पुण्याकडचे लोक ज्याला साखरपुडा म्हणतात ते आमच्याकडे साक्षगंध, आणि आमच्याकडे ते जास्त चांगलं होतं. या साक्षगंधाच्या निमित्ताने कीर्तीने आमच्या जीपबद्दल शेवटचा निकाल जाहीर केला होता.

"हे पाहा जी, करडीले ही गाडी आपल्याले नेईन आन् वापस घरी घेऊन येईन, त राहीन दारात. मधात कुठी रुसली, त त्याच दिवशी भूपेंद्रच्या भंगारवाल्याले देऊन टाकीन मी. मंग मले काही म्हनाचं नाई."

भूपेंद्र हा कीर्तीचा धाकटा भाऊ. या इसमाला माझ्या जीपचं वाईट पाहण्यावाचून दुसरा छंद नाही. दर रविवारी येतो, चहा पितो, जीपभोवती एक चक्कर मारतो आणि एका कुणा भंगारवाल्याचं कौतुक करून जातो. मला ती जीप फार प्रिय आहे. आहे म्हणजे आहे. उगाच लपवत नाही. तिचं दार आतून उघडत नाही, पावसात ती माझ्या डाव्या गुडघ्यावर गळते, तरी दारात ती उभी असली की मला घर भरलेलं वाटतं. ती भंगारात जाऊ द्यायची नव्हती. तेव्हा या वेळी फिल्टर असा तसा चालणार नव्हता. उत्तम प्रतीचाच हवा होता.

आता आमच्या जीपच्या फिल्टरबद्दल थोडं सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा त्याच्या घडणीमुळे झाला. नव्या गाड्यांचा फिल्टर म्हणजे एक बंद डबा असतो, आत काय आहे ते कुणी पाहत नाही. आमच्या जीपला खाली लोखंडी वाटी आहे. ती नटाने उघडते, आणि आत चुण्या चुण्यांची एक गुंडाळी बसते. तीच फिल्टर. ऑइल तिच्यातून गाळून इंजिनाकडे जातं. गुंडाळी बदलली की झालं.

घरी येऊन मी जीपचा जुना फिल्टर काढून ठेवला आणि नवा आणायला निघालो, तोच फाटकाशी शेजारचे सुखरामजी उभे. हे निवृत्त गृहस्थ. जन्मभर पाणी शुद्ध करायच्या केंद्रावर नोकरी केली, त्यामुळे फिल्टर या शब्दावर आपली मालकी आहे असं ते समजतात.

"फिल्टर घ्याले चालले? मले काहून नाई विचारलं?" सुखरामजी म्हणाले. "आयुष्य गेलं माह्यं फिल्टरात. खाली गिट्टी, त्यावर जाड रेती, त्यावर बारीक रेती. वरून तुरटी फिरवाची. काच होते पान्याची, काच!"

"सुखरामजी, हे ऑइल हाय."

"पानी काय आन् ऑइल काय! घान त घानच राह्यते ना जी?"

मी तुरटीचा विचार करतो असं सांगून सुटका करून घेतली. तरी त्यांनी जाता जाता तुरटीचा एक खडा माझ्या खिशात घातलाच.

बसस्टँडजवळच्या दुकानात दुकानदाराने काउंटरवर तीन खोकी मांडली.

"हा कंपनीचा. हा कंपनीसारखा. आन् हा कंपनीच्या बाजूच्या कारखान्यातला."

"फरक काय?"

"खोक्याचा रंग पाहा ना भाऊ."

मी पिढीजात कोष्टी. भंडाऱ्यात आमचं साड्यांचं दुकान आहे आणि घरात अजून माग चालतो. खोक्याचा रंग पाहून माल घेणारा माणूस आमच्या दारात आला तर आम्ही मनातल्या मनात हसतो. मी तिन्ही खोकी उघडली. तिन्ही गुंडाळ्या अंगठा आणि बोटात धरून चोळल्या. उजेडाकडे धरून आरपार पाहिल्या. कानाजवळ नेऊन कुरकुर ऐकली. दुकानदार जरा चमत्कारिक नजरेने पाहत होता, पण जाणकार गिऱ्हाईक पाहायची सवय नसते बऱ्याच लोकांना.

तरी खात्री होईना. हाताला तिन्ही सारख्याच लागत होत्या. अशा वेळी आमच्या धंद्यात एकच शेवटची परीक्षा असते. सुताचं टोक काडीने पेटवायचं. अस्सल रेशीम असलं तर जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटात चुरते. नकली असलं तर गोळी होते आणि बोट भाजतं. लाखमोलाचा माल मी असा ओळखला आहे. हात सवयीने खिशात गेला, काडेपेटी निघाली, आणि मी कंपनीसारख्याचं टोक पेटवलं.

आता मान्य करतो की ती जागा त्या परीक्षेला योग्य नव्हती. मागे ऑइलचे डबे, उजवीकडे ग्रीस, डावीकडे डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंध्यांची बादली.

"अबे बह्याड झाला का!" असं ओरडून दुकानदाराने काउंटरवरून उडी घेतली. एवढा जाड माणूस इतका उंच उडेल असं मला वाटलं नव्हतं. त्याने माझ्या हातावर थापड मारली, टोपीने फिल्टर विझवला, आणि मला खांद्याला धरून रस्त्यावर आणून ठेवलं.

"जळक्या कागदाचा वास येते," मी त्याला माहिती म्हणून सांगितलं. "रेशीम नाई हे."

त्यावर तो जे बोलला ते छापण्यासारखं नाही. संध्याकाळपर्यंत शहरातल्या सगळ्या सुट्या भागवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा फोटो फिरला. खाली लिहिलं होतं, 'हा माणूस दुकान पेटवते, सावधान.' ज्या तुलारामच्या दुकानातून अर्ध्या शहराने लग्नाच्या साड्या नेल्या, त्याची ही शोभा. पुढच्या दुकानात तर मी पायरीवर पाय ठेवायच्या आत मालकाने अग्निशामक नळकांडं हातात घेतलं.

म्हणजे भंडाऱ्यातून फिल्टर मिळणं संपलं. मी नागपूरच्या एका दुकानाला फोन केला. त्याने अस्सल माल ट्रॅव्हल्सच्या गाडीने पाठवतो म्हणून सांगितलं. आमच्याकडे नागपूरचं काहीही असंच येतं, ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या सीटमागे. आपण रस्त्यावर उभं राहायचं, ड्रायव्हर हात बाहेर काढून पार्सल देतो आणि जातो. मी उभा राहिलो. गाडी आली. मी हात हलवला. ड्रायव्हरनेही अगदी आपुलकीने हात हलवला आणि तो माझा फिल्टर घेऊन लाखनीकडे निघून गेला.

एसटी पकडून लाखनी गाठली. ट्रॅव्हल्सचं तिथलं ऑफिस म्हणजे हायवेला लागून एक टपरी, एक टेबल आणि टेबलामागे डोळे मिटून बसलेला एक बाबू. माझं पार्सल मला त्याच्या कोपराखाली दिसत होतं.

"नाव?"

"तुलाराम."

त्याने पार्सल फिरवून वाचलं. "यावर तुलाराम नाई. यावर 'जुनी जीप, भंडारा' लिवलं हाय."

"जीप माहीच हाय."

"असन जी. पन पार्सल जीपच्या नावानं हाय. ज्याच्या नावानं आलं त्यालेच देतो आमी. कालच एकाचं पार्सल दुसऱ्यानं नेलं, साहेबानं मले झापलं. जीप घेऊन या."

"अरे भाऊ, जीपचा जुना फिल्टर काढून ठेवला हाय. फिल्टर टाकल्याशिवाय जीप कशी येईन?"

"मंग फिल्टर टाकून घेऊन या."

"फिल्टर या पार्सलात हाय!"

बाबूने यावर बराच वेळ शांतपणे विचार केला. मला वाटलं, सुटलो. पण तो म्हणाला, "हे त तुमाले पहिलेच पाहाले पाह्यजे होतं."

मी रागावलो. मग विनवण्या केल्या. मग पुन्हा रागावलो. ट्रकवाले चहा घेऊन भोवती जमले आणि त्यांच्यात दोन तट पडले. बहुमत बाबूच्या बाजूने होतं. शेवटी एका ड्रायव्हरने तोड काढली की व्हिडिओ कॉल करून जीप दाखवा. मी कीर्तीला फोन लावला. ती पोळ्या करत होती. पिठाच्या हाताने ती अंगणात गेली आणि जीपपुढे फोन धरून उभी राहिली.

"हीच कशावरून?" बाबू म्हणाला. "हॉर्न वाजवाले लावा."

कीर्तीने हॉर्न दाबला. आमच्या जीपचा हॉर्न एकदा दाबला की आत अडकतो आणि मग बोनेट उघडून बुक्की मारल्याशिवाय सुटत नाही. हायवेच्या आवाजातही तो सगळ्या टपरीला ऐकू आला. पडद्यावर कीर्ती काहीतरी बोलत होती. ऐकू येत नव्हतं, पण चेहऱ्यावरून सगळं कळत होतं. ट्रकवाल्यांनी माझ्या पाठीवर सहानुभूतीने हात ठेवले. बाबूने पार्सल दिलं.

एवढं सगळं करून अस्सल, उत्तम, नागपूरचा फिल्टर घरी आला. मी तो पुढच्या खोलीत मागाशेजारी ठेवला आणि हातपाय धुवायला गेलो. ही चूक झाली. कारण मागावर मोठेबाबा बसले होते.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, चंद्रभान. वय झालं तरी रोज माग चालवतात. कोशाचं रेशीम, म्हणजे कोसा, त्यांच्यासारखं विणणारा आता भंडाऱ्यात विरळाच. घरात कुठलीही नवी वस्तू आली की ते तिचा पोत पाहतात. पाहुण्यांच्या शर्टाची बाही धरून त्यांनी पाहुण्यांना किंमत सांगितली आहे. मी तोंड पुसत बाहेर आलो तेव्हा ते फिल्टरचं वेष्टन काढून, चुण्या उलगडून, चष्मा कपाळावर सरकवून दोन बोटांनी धागा ओढायचा प्रयत्न करत होते.

"धागा निंगत नाई रे याचा," ते म्हणाले. "ताना कोनता आन् बाना कोनता?"

"मोठेबाबा, थांबा!"

टर्र आवाज झाला. नागपूरच्या फिल्टरचे दोन तुकडे मोठेबाबांच्या दोन हातांत होते. ते एकदा या तुकड्याकडे पाहत होते, एकदा त्या.

"कागद!" तुकडे माझ्यापुढे धरून ते म्हणाले. "कागद होय रे हा, तुल्या! कोष्ट्याच्या गाडीत कागद?"

मी कपाळावर हात मारून घेतला. मला ओरडायचं होतं, पण मोठेबाबांचे डोळे पाणावले होते. आपल्या पुतण्याला बाजाराने कापडाच्या जागी कागद विकला, हे त्यांना फार लागलं होतं. साक्षगंध आता तोंडावर आलं होतं. दुसरा फिल्टर मागवायला वेळ नव्हता, आणि पुन्हा त्या बाबूकडे जायची माझी छाती नव्हती.

"रडू नोको," मोठेबाबा म्हणाले. खरं तर रडत ते होते. "मी विनतो."

"काय?"

"फिल्टर."

ही गोष्ट वेडेपणाची आहे हे मला तेव्हाही कळत होतं. पण तुम्ही आमच्या घरात जन्मला असता तर तुम्हालाही ती तितकीशी वेडेपणाची वाटली नसती. आमच्या आईने दूध, ताक, तेल, तूप सगळं कापडातूनच गाळलं. मग ऑइलने काय घोडं मारलं आहे? मोठेबाबांनी सगळ्यात बारीक धागा काढला आणि इतकं घट्ट विणलं की त्यातून उजेडसुद्धा जाईना. सुखरामजी दिवसभर मागाशेजारी खुर्ची टाकून देखरेख करत होते आणि मधूनमधून तुरटीचा विषय काढत होते. कापडाला दोन्ही बाजूंनी लाल काठ घातला.

"काठ कायले, मोठेबाबा?" मी विचारलं. "आत कोन पाहते?"

"आपन पाहतो ना," ते म्हणाले.

चुण्या उभ्या राहाव्या म्हणून कापडाला तांदळाची खळ दिली, चांगली दाट. आता प्रश्न चुण्या घालायचा. मी घातल्या, त्या वाकड्या झाल्या. सुखरामजींनी घातल्या, त्या सुटल्या. कीर्ती स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी होती. या मूर्खपणात आपण पडणार नाही असं तिने सकाळीच जाहीर केलं होतं. पण वाकड्या निऱ्या तिला बघवत नाहीत. तिने ते कापड माझ्या हातातून हिसकलं आणि बघता बघता अशा एकसारख्या निऱ्या घातल्या की मोठेबाबांनी मान डोलावली. "मी काही मदत नाई केली, सांगून ठेवते," असं म्हणून ती आत गेली.

फिल्टर बसवायला चंद्रकुमारला घरी बोलावलं. त्याने ती गुंडाळी हातात घेऊन उलटसुलट फिरवून पाहिली.

"हा फिल्टर होय?" त्याने विचारलं.

"अस्सल कोसा."

"भाऊ, इंजिनाले आंगडं घालाचं हाय का? मी नाई बसवत हे."

मोठेबाबा पुढे झाले. "तुह्या लग्नातली साडी कोनं विनली होती रे?"

चंद्रकुमारची मान खाली गेली. "तुमीच, मोठेबाबा."

"फाटली?"

"नाई. माही बायको अजून नेसते."

"रंग गेला?"

चंद्रकुमार जीपखाली सरकला आणि त्याने मुकाट्याने फिल्टर बसवला. बाहेर येऊन त्याने मला बाजूला घेतलं. "हळू चालवजा. आन् काही झालं त मले फोन नोका करजा. मी नाई उचलनार."

साक्षगंधाच्या सकाळी आम्ही निघालो. पुढे मी आणि कीर्ती. मागे मोठेबाबा, स्वच्छ धोतरात. त्यांच्याशेजारी तांत्रिक सल्लागार म्हणून न बोलावता आलेले सुखरामजी. आणि आमच्या मागे मोटरसायकलवर भूपेंद्र. जीपमध्ये जागा असूनही तो मोटरसायकलने का येतो आहे हे मला बरोबर कळत होतं. जीप कुठे बंद पडते ते त्याला पहिल्यांदा पाहायचं होतं.

पण जीप सुरेख निघाली. वैनगंगेचा पूल ओलांडून कारध्याला पोहोचेपर्यंत मी दोनदा तरी मोठेबाबांकडे अभिमानाने वळून पाहिलं. मग इंजिन तापलं, आणि तांदळाची दाट खळ गरम ऑइलमध्ये तळायला लागली.

वास आला तो थेट भज्यांचा. कारध्याच्या चौकात गर्दी होती म्हणून मी वेग कमी केला, तर लोक नाक वर करून जीपकडे यायला लागले. एका बाईने खिडकीत पिशवीच धरली.

"कशी देल्ली जी भजी?"

"भजी नाईत बाई. इंजिन हाय."

"मंग एक प्लेट इंजिन द्या," मागून कुणीतरी म्हणालं, आणि अख्खा चौक हसला. सुखरामजी खाली उतरून त्या जमावाला गाळण प्रक्रियेवर व्याख्यान देऊ लागले. त्यांना ओढून आत घ्यायला वेळ गेला. कीर्ती सरळ समोर पाहत होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

कारधा मागे पडलं आणि समोरच्या पट्टीवर एक लाल दिवा लागला. हा दिवा मी आजवर कधी पेटलेला पाहिला नव्हता. तो आहे हेच मला माहीत नव्हतं.

"कायचा दिवा होय हा?" कीर्तीने विचारलं.

"चांगलं चालून राह्यलं म्हून लागला असन," मोठेबाबा मागून म्हणाले. त्या क्षणी मला हे उत्तर फार पटलं.

भूपेंद्र मोटरसायकल बाजूला आणून ओरडला, "भाऊजी, खालून धूर निंगून राह्यला!" त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. मी ऐकू न आल्यासारखं केलं. दोन्ही बाजूंना बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, मध्ये आम्ही, आणि मागे भज्यांच्या वासाने धावणारी दोन कुत्री. मी मनातल्या मनात जीपची विनवणी करत होतो. एवढ्या वेळी ने बाई. पुन्हा कधी काही मागणार नाही.

आणि तिने नेलं! करडीच्या मांडवासमोर जीप उभी राहिली तेव्हा मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला सांगू? भूपेंद्रचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आता फक्त परत जायचं होतं, आणि आलो तसे जाऊ याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

माझे साडू, गुंजनचे वडील कैलाश, पुढे आले. "या जी, या. नाश्त्याचं तुमी काहून आनलं? आमी केलं होतं ना." वासावरून त्यांचा समज झाला होता. मुलाकडची मंडळीही उठून आली. सगळे धानाचे शेतकरी, घरोघरी ट्रॅक्टर आणि मोटारपंप. फिल्टर कोशाचा आहे हे कळल्यावर मांडव रिकामा झाला. गुंजन पाटावर एकटी बसून राहिली आणि दोन्हीकडचे पुरुष बोनेटभोवती जमले.

"कोशाचा? खरंच?" मुलाचे वडील म्हणाले. "पोत कसा हाय?"

मला तेव्हाच धोका कळायला हवा होता. आमच्या खानदानात एक रीत आहे. गिऱ्हाईकाने पोत विचारला की तोंडाने सांगायचं नाही. घडी मोडून माल त्याच्या हातात द्यायचा, मग तो घेवो न घेवो. मोठेबाबांनी जन्मभर ही रीत मोडली नाही. मी "मोठेबाबा, नाई!" म्हणेपर्यंत त्यांनी कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा पाना घेऊन, जीपखाली हात घालून वाटीचा नट फिरवला होता.

काळं गरम ऑइल उसळलं ते मुलाच्या वडिलांच्या पांढऱ्या धोतरावर. साक्षगंध मोडलं असं मला वाटलं. पण त्या भल्या माणसाने खाली पाहिलंसुद्धा नाही. तो मोठेबाबांच्या हातातल्या निथळत्या फिल्टरकडे पाहत होता.

"काठ पाहा, काठ!" तो म्हणाला. "रंग काही गेला नाई!"

मग माल हातोहात फिरला. याने चोळला, त्याने उजेडाला धरला. "निऱ्या कोनं घातल्या?" असं बायकांनी विचारलं तेव्हा, मदत न केलेल्या कीर्तीने पदर सावरून "मीच" म्हणून सांगितलं. फिल्टर बोनेटवरून मांडवात गेला, मांडवातून खुर्च्यांच्या ओळीत गेला, आणि कुठल्यातरी ओळीत नमुना म्हणून कुणाच्या तरी खिशात गेला. कुठलाही दुकानदार तुम्हाला सांगेल, हातोहात गेलेला नमुना परत येत नाही. वर अंगठ्या घातल्या जात होत्या, अक्षता पडत होत्या, आणि मी गुडघ्यांवर रांगत खुर्च्यांखाली फिल्टर शोधत होतो. फोटोग्राफरने एकही फोटो माझ्याशिवाय काढला नाही. वाटीची रबराची चकतीसुद्धा त्या गडबडीत गेली. दुपारपर्यंत मोठेबाबांना डझनावारी फिल्टरांच्या मागण्या आल्या, आणि आमच्या जीपमध्ये मात्र एकही नव्हता.

जेवणं झाल्यावर कैलाशने आपला ट्रॅक्टर काढला आणि दोराने जीप मागे बांधली. ट्रॉलीत खुर्च्या ठेवून मोठेबाबा आणि सुखरामजी ऐटीत बसले. भूपेंद्र मोटरसायकलवर पाय टेकून फोनवर बोलत होता. "हाव, आजच. दारात येऊन थांब."

"वापस त येऊन राह्यली ना जीप," मी शेवटचा प्रयत्न करून पाहिला.

"तिनं आनाले पाह्यजे होतं, भाऊजी. हिले आनून राह्यले," भूपेंद्र म्हणाला. कीर्ती माझ्या शेजारी येऊन बसली.

निघालो. पुढे ट्रॅक्टर लांब दोरावर फटफटत होता आणि आमची जीप चाकांवर नुसती घरंगळत होती. मला राहवेना. मी रस्त्याकडे पाहतच म्हणालो, "कीर्ती, ही विकली त मले लय वाईट वाटन."

तिने एकदम माझ्याकडे वळून पाहिलं.

"काय झालं?"

"ऐकू आलं मले," ती म्हणाली. "या गाडीत तुमी काय बोलता थे आज पहिल्यांदा ऐकू आलं."

खरंच की. इंजिन बंद होतं. एवढ्या वर्षांत या गाडीत आम्ही एकमेकांकडे पाहून नुसत्या माना हलवल्या होत्या. मग ती बोलायला लागली. रामटेकच्या वाटेवर तिची चप्पल खाली पडली होती, ती थांबवा थांबवा म्हणून ओरडत होती, आणि मी "हाव, मस्त हवा हाय" म्हणून वेग वाढवला होता. तुमसरच्या लग्नाला जाताना तिने मला काही छान म्हटलं होतं. काय ते मी आज विचारलं, तर ती लाजली आणि म्हणाली, "आता कायले सांगू!" पण सांगितलं. मी तिला दुकानाबद्दल बोललो, मोठेबाबांच्या वयाची काळजी वाटते ते बोललो. घरात कधी गिऱ्हाईक असतं, कधी पाहुणे, कधी मागाची खटखट. एवढं सलग आम्ही कधी बोललोच नव्हतो. ती हसली तेव्हा पुढच्या ट्रॉलीतून सुखरामजींनी वाकून पाहिलं.

कारध्याच्या पुलावर भूपेंद्र मोटरसायकल घेऊन खिडकीशी आला. "ताई, भंगारवाला दारात उभा हाय. काय सांगू त्याले?"

कीर्तीने त्याच्याकडे, मग नदीकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"त्याले वापस जा म्हन," ती म्हणाली. मग माझ्या दंडावर हात ठेवून तिने मला बजावलं, "ठेवा गाडी. पन आता कधी चालू नोका करजा."